परळच्या फोटोतून हवा वजा केली तर



एक फॉरवर्ड तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. मुंबईचे दोन सॅटेलाइट फोटो शेजारी शेजारी. डावीकडचा जुना, त्यात शहर टवटवीत, बऱ्यापैकी हिरवं. उजवीकडचा नवा, त्यात सगळं फिकट, राखाडी, जणू कुणी भस्म फासलंय. खाली एक ओळ, बघा काय केलं आपल्या शहराचं! आणि मग ग्रुपवर दोन दिवस भांडण.

झाडं कमी झालीच नाहीत, असं मी म्हणत नाहीये. दादर-लालबागमध्ये आयुष्य काढलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, ते तुम्हाला कुठल्या नाक्यावर कुठलं झाड होतं ते बोट दाखवून सांगतील. पण त्या दोन फोटोंवरून ते सिद्ध होतंच असं नाही. कारण उपग्रह नुसत्या शहराचा फोटो काढत नाही. तो शहर अधिक मधली हवा, असा एकत्र फोटो काढतो. ती हवा वजा कशी करायची, याला अ‍ॅटमॉस्फेरिक करेक्शन म्हणतात. आपण वातावरणीय दुरुस्ती म्हणू. आजचा भाग त्यावर.

पूर्वी वाण्याकडे सुटं तेल-तूप आणायला घरून डबा न्यायचे. वाणी आधी रिकामा डबा तराजूच्या एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या पारड्यात तेवढंच वजन टाकून काटा बरोबर करायचा. याला धडा करणं म्हणतात. मग डब्यात तूप ओतलं की जे वजन येईल ते फक्त तुपाचं. आपल्यालाही हवेचा असाच धडा करायचाय. अडचण अशी की आपला डबा रिकामा कधीच मिळत नाही, आणि त्याचं वजन रोज बदलतं.

आधी कॅमेरा कुठला ते बघू. सेंटिनेल-२ नावाचे युरोपचे उपग्रह आहेत. पहिला २३ जून २०१५ ला वर गेला. साधारण ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि मुंबईवरून जातात ते सकाळी अकराच्या सुमारास. त्यांचे फोटो जगात कुणालाही फुकट मिळतात. जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन म्हणजे त्यांचा एक पिक्सेल. शिवाजी पार्कच्या मैदानात असे हजारावर चौकोन बसतात.

आता सूर्याचा प्रकाश येतो, हवेतून खाली उतरतो, शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळच्या एखाद्या झाडाच्या पानावर आपटतो, परत वर जातो, पुन्हा हवेतून, आणि कॅमेऱ्यात शिरतो. या प्रवासात दोन गोष्टी होतात. काही प्रकाश वाटेतच गळतो. आणि दुसरं, जे जास्त त्रासाचं आहे, काही प्रकाश जमिनीपर्यंत येतच नाही. हवा आणि तिच्यातले कण त्याला मधूनच वळवून थेट कॅमेऱ्यात फेकतात. म्हणजे शिवाजी पार्कच्या नावावर असा प्रकाश जमा होतो, जो शिवाजी पार्कला शिवलेलाच नाही. फोटोवर जो दुधाळ पडदा दिसतो तो हाच. गंमत म्हणजे एवढ्या ७८६ किलोमीटरच्या वाटेत जवळपास सगळी भानगड शेवटच्या टप्प्यात आहे. वातावरणाचं निम्मं वजन जमिनीपासून साडेपाच किलोमीटरच्या आत असतं, आणि आपली धूळ-धूर तर बहुतेक वेळा खालच्या एक-दोन किलोमीटरमध्येच घुटमळते.

हवा पूर्ण स्वच्छ असली तरी हा पडदा असतोच. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. सेंटिनेलचा निळा पट्टा साधारण ४९० नॅनोमीटरचा आणि लाल ६६५ चा. विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घातानं घटतं, म्हणजे लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश सुमारे ३.४ पट जास्त विखुरला जातो. म्हणून दुरुस्ती न केलेला फोटो निळसर दिसतो. हा भाग सोपा आहे. रेणूंचं वागणं ठरलेलं असतं, हवेचा दाब कळला की गणित सुटतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्याच बंदरात घडली आहे. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीनं परत येत होते. बोटीचं नाव नारकुंडा. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला. त्या काळातलं मोठं नाव म्हणजे लॉर्ड रेले, ज्यांनी आकाशाच्या निळेपणाचं कोडं सोडवलं होतं. त्यांचं मत असं की समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, पाण्याचा त्यात हात नाही. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. योग्य कोनातून त्यातून पाहिलं की पाण्यावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश अडवला जातो. त्यांनी तो अडवला, आणि समुद्र तरीही निळाच, उलट जास्तच निळा दिसला. पाणी स्वतः प्रकाश विखुरतं. यावर त्यांनी 'नेचर'ला जे पत्र लिहिलं, त्यावर पत्ता आहे मुंबई बंदराचा आणि तारीख २६ सप्टेंबर. मला विचाराल तर वातावरणीय दुरुस्तीची कल्पना यापेक्षा नीट कुणी समजावलेली नाही. आकाशाचा वाटा बाजूला काढा, मग खालच्या वस्तूचा रंग सांगा. तेव्हा डोळ्याला प्रिझम लावून झालं. आज तेच गणितानं करायचंय, आणि तेही धूळभरल्या शहरावर.

धुळीचं गणित अवघड, कारण धुळीला शिस्त नाही. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एखादा दिवस असा येतो की मरीन ड्राइव्हवरून मलबार हिलच्या इमारतींच्या खिडक्या मोजता येतात. आणि डिसेंबर-जानेवारीत तेच टोक धुरक्यात हरवतं. पावसानं हवा धुतली जाते. थंडीत वारा मंदावतो, रात्रीची थंड हवा जमिनीलगत बसून राहते, समुद्राकडून येणारा वारा उशिरा सुरू होतो. मग गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, समुद्रावरचे मिठाचे कण, सगळं वर तरंगत राहतं. यातला धूर प्रकाश गिळतो, मीठ प्रकाश फेकतं, आणि दमट हवेत काही कण पाणी शोषून फुगतात आणि आणखी प्रकाश विखुरतात. लालबागच्या मसाला गल्लीतली हवा उपग्रहाला काय वाटत असेल कोण जाणे, माणसाला तर शिंका आणते.

तर फॉरवर्डमधला जुना फोटो ऑक्टोबरचा असेल आणि नवा जानेवारीचा, तर निम्मं भांडण तिथेच मिटायला हवं. पण नुसतं डोळ्यांना फसवणं वेगळं आणि आकड्यांना फसवणं वेगळं. ते कसं होतं बघा.

झाडं मोजायला एनडीव्हीआय नावाचा आकडा वापरतात. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि जवळचा इन्फ्रारेड, जो आपल्याला दिसत नाही, तो जोरात परत पाठवतं. इन्फ्रारेडमधून लाल वजा करा, आणि त्याला दोघांच्या बेरजेनं भागा. आकडा एकच्या जवळ म्हणजे भरगच्च हिरवळ, शून्याच्या जवळ म्हणजे डांबर, सिमेंट, पत्रे. आता हिशोबापुरते आकडे घेऊ. एका मोठ्या झाडावरून लाल प्रकाश ४ टक्के परततोय आणि इन्फ्रारेड ४० टक्के. ३६ भागिले ४४, उत्तर ०.८२. उत्तम. आता मध्ये धुरकं आणा. त्यानं लालमध्ये ५ टक्के भर घातली आणि इन्फ्रारेडमधले २ टक्के गिळले. लाल झाला ९, इन्फ्रारेड ३८. २९ भागिले ४७, उत्तर ०.६२. झाडाचं एक पानही पडलेलं नाही, आणि आकडा ०.८२ वरून ०.६२ वर आला.

हे माझ्या दृष्टीनं फार गंभीर आहे. आपल्याकडे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आहे, झाड तोडण्याआधी त्यावर हरकती मागवतात. मेट्रो ३ च्या वेळी, २०१७ मध्ये, दक्षिण मुंबईतल्या झाडांवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. उद्या तुमच्यापैकी कुणी अशा हरकतीला सॅटेलाइटचा नकाशा जोडला आणि समोरच्यानं विचारलं की हा दुरुस्त केलेला आहे का, तर उत्तर हवं. नाहीतर खरी तक्रारसुद्धा एका चुकीच्या फोटोपायी बाद होते. आणि उलटंही होतं बरं का. धुरकट 'आधी' आणि स्वच्छ 'नंतर' घेतलं की झाडं तोडूनही हिरवळ वाढलेली दाखवता येते!

मग दुरुस्ती करतात कशी? सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे फोटोतली काळीकुट्ट जागा शोधायची. खोल पाणी, दाट सावली. तिथून जवळपास काहीच प्रकाश यायला नको. तरी येतोय? मग तो हवेचा. तेवढा सगळ्या फोटोतून वजा करा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या पॅट चावेझ यांनी १९८८ मध्ये हीच युक्ती प्रत्येक रंगाला वेगळा हिशोब लावून सुधारली. कल्पना झकास, पण गिरगाव चौपाटीसमोरचं पाणी काळं आहे का? गाळानं गढूळ, तपकिरी. तिथून प्रकाश येतोच. त्याला काळं धरून वजाबाकी केली तर जरुरीपेक्षा जास्त वजा होणार.

समुद्राचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. समुद्राकडे बघणाऱ्या उपग्रहाला जो प्रकाश मिळतो, त्यातला ढोबळमानानं ८० ते ९० टक्के हवेचा असतो. पाण्याचा वाटा उरलेला. म्हणजे डब्याचंच वजन नऊ किलो आणि तूप किलोभर. तरी त्यातून पाण्यातलं हरितद्रव्य मोजतात. हैदराबादची इनकॉइस ही संस्था समुद्राचा रंग आणि तापमान बघून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याच्या सूचना मच्छीमारांना देते. वजाबाकीत थोडं चुकलं तर ससून डॉकवरून निघालेल्या बोटीचं डिझेल फुकट जाऊ शकतं. खोल समुद्रात काम त्यातल्या त्यात सोपं, कारण स्वच्छ पाणी इन्फ्रारेड जवळपास पूर्ण गिळतं. तिथे जो इन्फ्रारेड दिसेल तो हवेचा, आणि त्यावरून निळ्यातल्या हवेचा अंदाज बांधता येतो. किनाऱ्यालगत गाळ इन्फ्रारेडही परत पाठवतो आणि सगळा हिशोब गडबडतो. म्हणून वरळी-माहीमच्या अगदी काठाजवळच्या पाण्याबद्दल उपग्रह जे सांगतो ते जपून घ्यायचं.

आता परत जमिनीवर. सेंटिनेलच्या फोटोंवर सेन२कोर नावाचा प्रोग्रॅम चालवतात. त्याची युक्ती मला फार आवडते. तो काळ्या पाण्याऐवजी दाट, गडद जंगल शोधतो. जरा लांब तरंगलांबीचा इन्फ्रारेड, साधारण २.२ मायक्रोमीटरचा, बारीक धुरक्यातून फारसा न अडता आरपार जातो. त्यात जंगल किती गडद आहे ते आधी बघायचं. दाट झाडीत लाल प्रकाश त्याच्या साधारण निम्मा आणि निळा लालच्या निम्मा असतो, असं अनुभवानं ठरलेलं आहे. म्हणजे हवा नसती तर जंगल लाल-निळ्यात कसं दिसलं असतं ते कळलं. प्रत्यक्षात कसं दिसतंय ते समोर आहे. फरक तेवढी धूळ.

मुंबई ज्या चौकोनी फोटोत येते, त्याची बाजू सुमारे ११० किलोमीटरची. त्यात दाट झाडी कुठली? बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, त्यापलीकडे तुंगारेश्वर. म्हणजे परळचा फोटो धुण्यासाठी कॉम्प्युटर बोरिवलीच्या जंगलाला साक्षीदार म्हणून बोलावतो! जिथे असं जंगल नाही तिथे जंगलाजवळ मोजलेल्या धुळीच्या आधारे अंदाज भरला जातो. आता तुम्हीच सांगा, तुंगारेश्वरवरची हवा आणि लोअर परळच्या खोदकामावरची हवा सारखी असेल? एखाद्या साइटवरून उठलेला धुळीचा लोट या हिशोबात येतच नाही. तो जमिनीच्याच रंगात मिसळून जातो. संपूर्ण शहरासाठी ही दुरुस्ती चांगली आहे, एका गल्लीसाठी तिच्यावर फार विसंबू नये, असं माझं मत.

गल्लीवरून आठवलं, सावल्या. दुरुस्ती हवा काढते, सावली काढत नाही. श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन उभी आहे, उंची २८० मीटर. डिसेंबरअखेर सकाळी अकराच्या सुमारास सूर्य साधारण ४२ अंशांवर असतो. गणित करा, सावली सुमारे ३०० मीटर लांब. म्हणजे १० मीटरचे तीस चौकोन, वायव्येकडे पसरलेले. त्या सावलीतल्या झाडावर थेट ऊन नसतंच, फक्त आकाशातून आलेला निळसर उजेड. आणि प्रोग्रॅम धरून चालतो की ऊन आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर येत गेले तसतशा या सावल्या वाढत गेल्या, आणि बैठ्या चाळीशेजारचं जे झाड जुन्या फोटोत उन्हात होतं ते आज फोटोच्या वेळी अंधारात असू शकतं.

जुन्या फोटोंची कथा आणखी निराळी. अमेरिकेचा लँडसॅट-५ मार्च १९८४ मध्ये वर गेला, तेव्हा गिरणी कामगारांचा संप सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. तो जवळजवळ २९ वर्षं चालला. गिरणगाव मॉल आणि टॉवरचं होताना त्यानं पाहिलं. हे फोटो २००८ पासून फुकट आहेत. पण पिक्सेल ३० मीटरचा, आणि विरळ ढग ओळखणारा खास पट्टा त्यात नाही. शिवाय जून १९९१ मध्ये फिलिपाइन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याचे कण पुढची दोनेक वर्षं वरच्या वातावरणात फिरत राहिले. कुठला तरी ज्वालामुखी फुटतो आणि १९९२ मधलं परळ फिकं दिसतं!

एक तांत्रिक खड्डाही सांगून ठेवतो, कारण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हमखास पाय अडकतो. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या फाइलमधल्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. फार गडद जागी वजाबाकी शून्याखाली जाते, ती माहिती कापली जाऊ नये म्हणून ही सोय. तुम्ही ते १००० वजा करायला विसरलात तर मघाचं ०.८२ चं झाड थेट ०.५६ चं होतं. नुसत्या हिशोबात अख्खी बाग वाळली. ब्राउझरमध्ये पाहताना हे आपोआप सांभाळलं जातं, स्वतः फाइल उतरवलीत तर लक्ष ठेवा.

आणि ती वजा केलेली हवा, तिचं काय होतं? झाडं मोजणाऱ्याला ती कचरा, पण श्वास घेणाऱ्याला तीच बातमी. एकाच हिशोबातून दोन उत्तरं निघतात, खालची जमीन आणि मधली धूळ. नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा उपग्रहांवरून धुळीचे असे नकाशे वर्षानुवर्षं बनतायत. फक्त ती धूळ जमिनीपासून आकाशापर्यंतच्या सगळ्या खांबातली असते. तुमच्या नाकाजवळ किती, हे त्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी जमिनीवरची यंत्रं लागतात, पुण्याच्या आयआयटीएमच्या 'सफर'सारखी, जी मुंबईत २०१५ पासून आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली, बांधकामांभोवती उंच पत्रे लावायचे नियम आले. ते पत्रे उपयोगी पडले का, हे विचारायचं तर यंत्रंच बघावी लागतील, बोरिवलीच्या झाडांवरून ते ठरणार नाही.

आता तुम्ही फोनवर काय करू शकता? कोपर्निकस ब्राउझर उघडा, फुकट आहे. दादर शोधा. जानेवारीतला बिनढगाचा दिवस निवडा. सेंटिनेल-२ मध्ये दोन पर्याय दिसतील, एल१सी आणि एल२ए. पहिला कच्चा, हवेसकट. दुसरा दुरुस्त केलेला. तीच तारीख, तोच सेकंद, दोन्ही आलटून पालटून बघा. निळसर पडदा सरकतो आणि फाइव्ह गार्डन्स, राणीची बाग, रेसकोर्स एकदम वर उठून येतात. दोन वर्षांची तुलना करायची तर महिना एकच ठेवा आणि दोन्हीकडे एल२ए घ्या. शिवाजी पार्कचं गवत पावसाळ्यात उगवतं आणि उन्हाळ्यात लाल मातीच उरते, त्यामुळे मैदानावरून झाडांचा निष्कर्ष काढू नका. जून ते सप्टेंबरच्या वाटेला तर जाऊच नका. दाट ढगाच्या खालचं कुठलीही दुरुस्ती परत आणू शकत नाही, तिथे रडारचे उपग्रह लागतात.

शेवटी एक गंमत करून बघा. एल१सीमध्ये कस्टम पर्यायात जाऊन तिन्ही रंगांना बी१० हा पट्टा द्या. एल२एमध्ये तो मिळणार नाही, दुरुस्तीनंतर काढून टाकतात. हा १३७५ नॅनोमीटरचा प्रकाश. हवेतली वाफ तो इतका शोषते की जमिनीपर्यंत जाऊन परत येणारं जवळपास काही उरत नाही. आणि आपल्याकडे वाफेला काय तोटा! दादर, परळ, गिरगाव, बंदर, सगळं काळं होतं. दिसतात ते फक्त खूप उंचावरचे विरळ, बर्फाच्या कणांचे ढग, जे साध्या फोटोत तुम्हाला दिसलेच नसते. एखाद्या तारखेला तिथे पांढरे फराटे दिसले, तर ती तारीख सोडा आणि पाच दिवसांनंतरची घ्या.

स्क्रीनशॉट काढलेत तर तारीख आणि एल१सी की एल२ए, एवढं त्यावर लिहून मला पाठवा. पुढच्या भागात भेटू.